"अजून २७ वर्षं काढायची आहेत, मन घट्ट कसं करू?": एका पोलीस शिपायाच्या पत्राला उत्तर

पत्र थोडक्यात असं: "मी पोलीस शिपाई, वय ३१, नोकरी आठ वर्षं. ठाणं हायवेलगत आहे. चार महिन्यांपूर्वी एका अपघातात सहा वर्षांचा मुलगा गेला. पंचनाम्याला मी होतो. माझा मुलगा त्याच वयाचा आहे. तेव्हापासून झोप तुटक लागते. घरी बारीकसारीक कारणावरून ओरडतो, परवा तर मुलावर हात उचलला. वरिष्ठ म्हणतात, पोलिसानं मन घट्ट ठेवावं. अजून २७ वर्षं काढायची आहेत. मन घट्ट कसं करू? डॉक्टरकडे गेलो तर नोकरीवर डाग लागेल का? आणि मुलाला काय सांगू?"

तुमचं पत्र दोनदा वाचलं. आधी माझ्याविषयी सांगतो, म्हणजे मी कुठून बोलतोय ते कळेल. १९८६ साली मी शिपाई म्हणून भरती झालो आणि २०२० साली फौजदार म्हणून निवृत्त झालो. शेवटची काही वर्षं वेलफेअरचं, म्हणजे पोलिसांच्या आणि त्यांच्या घरच्यांच्या कल्याणाचं काम माझ्याकडे होतं. त्याच काळात समुपदेशनाचं रीतसर शिक्षण घेतलं. आता आठवड्यातले तीन दिवस एका मानसोपचारतज्ज्ञ डॉक्टरांबरोबर फक्त पोलीस आणि त्यांच्या घरच्यांसाठी बसतो.

पहिली गोष्ट डॉक्टरांची, बाकीचं सगळं त्यानंतर. असलं काही बघितल्यावर पहिले दोन-तीन आठवडे झोप उडणं, तेच तेच डोळ्यांसमोर येणं, घास न उतरणं हे कुणालाही होतं आणि बहुतेकांचं आपोआप ओसरतं. तुमचे चार महिने झालेत आणि गोष्ट मुलावर हात उचलण्यापर्यंत आली आहे. आता आपोआप ओसरायची वाट बघू नका. याच आठवड्यात मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. जिल्हा रुग्णालयात मानसिक आरोग्याची ओपीडी असते. तिथे ओळखीचं कुणी भेटेल ही भीती असेल तर शेजारच्या जिल्ह्यात जा, पण जा. यासाठी ठरावीक पद्धतीचे उपचार आहेत. त्यात ती घटना थोडी थोडी करून, सुरक्षित जागी, माहीतगार माणसासमोर पुन्हा उलगडतात. साधारण आठ-बारा बैठका लागतात. मी बसतो त्या दवाखान्यात अशी माणसं बरी होऊन परत ड्युटीला गेलेली मी पाहिली आहेत, एक-दोन नाही, पुष्कळ. तोवर रात्री-बेरात्री फारच असह्य झालं तर १४४१६ या टेलिमानसच्या, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या नंबरवर फोन करा. तो मोफत आहे, दिवसरात्र चालू असतो आणि मराठीत बोलता येतं.

आता "मन घट्ट करणं". हा शब्द मीही भरतीपासून ऐकला आणि पुढे वीस वर्षं नव्या पोरांना ऐकवला. त्याबद्दल मला आज जे वाटतं ते सांगायला एक प्रसंग सांगावा लागेल.

१९८९ साली घाटात एक एसटी दरीत गेली. मयत वर काढायला दुसरे होते. मला काम दिलं होतं सामानाचं. रस्त्याच्या कडेला ताडपत्री अंथरून त्यावर सापडेल ती वस्तू मांडायची, नंबर घालायचा आणि ओळख पटवायला नातेवाईक आले की दाखवायची. चपला सगळ्यात जास्त होत्या. त्यांची मी जोडीनं रांग लावली. जोडी न लागलेल्या वेगळ्या ठेवल्या. दुपारी एक म्हातारे गृहस्थ आले, रांगेवरून चालत गेले आणि एका चपलेपाशी खाली बसले. डाव्या अंगठ्याचा पट्टा तुटलेला होता आणि तो लाल दोऱ्यानं शिवलेला होता. त्यांनी तो दोरा बोटानं चाचपला आणि म्हणाले, "हे मीच शिवलंय." मी वहीत लिहिलं: एक जुनी लेडीज चप्पल, डाव्या अंगठ्यास लाल दोऱ्याची शिवण. अक्षर स्वच्छ आलं होतं. संध्याकाळी साहेबांनी पंचनामा बघून शाबासकी दिली.

मी रडलो नाही. रात्री जेवलोसुद्धा. सगळे म्हणाले, पोरगं घट्ट आहे. त्यानंतर सुमारे अकरा वर्षं मी चांभाराकडे गेलो नाही. चप्पल तुटली की टाकून नवी घ्यायचो. पत्नी विचारायची, एवढी चांगली चप्पल कशाला टाकता? मला स्वतःलाच उत्तर माहीत नव्हतं. पुढे बऱ्याच वर्षांनी समुपदेशनाच्या वर्गात "टाळणं" या लक्षणावर शिकवत होते तेव्हा एकदम ती ताडपत्री डोळ्यांसमोर आली आणि तेव्हा कुठे उमगलं. अकरा वर्षं माझ्या मनानं एक अख्खी गल्ली बंद करून ठेवली होती आणि मला त्याचा पत्ता नव्हता. त्या अकरा वर्षांत मी घरी कसा वागलो, ते पत्नीला विचारलं तर ती वेगळंच सांगते. तिच्या मते १९८९ नंतरचा माणूस कमी बोलायचा आणि दार जोरात लावायचा.

तेव्हा घट्ट होण्याला माझा विरोध नाही. पंचनामा करताना हात थरथरून चालत नाही. जखमीला गाडीत घालताना पोलिसानं हंबरडा फोडला तर बाकीच्यांनी बघायचं कुणाकडे? त्या तासाला घट्टपणा लागतोच आणि तो तुमच्याकडे होता, म्हणून तुम्ही ते काम पुरं केलंत. अडचण त्यापुढची आहे. घट्ट झालेलं पुन्हा सैल व्हायला पाहिजे, आणि ते कुणी शिकवत नाही. नऊ महिन्यांच्या ट्रेनिंगमध्ये सावधान शिकवलं, विश्राम पण शिकवलं, पण तो विश्राम फक्त पायांचा होता. माझ्या पाहण्यात जी माणसं ३० वर्षं नोकरी करून धडधाकट बाहेर पडली, ती फार कणखर होती असं नाही. त्यांना ड्युटीवरून परत येता यायचं. शरीरानं सगळेच परत येतात, ती माणसं मनानंही घरी पोचायची.

नाकाबंदीला उभं असताना काय होतं बघा. प्रत्येक गाडीच्या काचेत डोळे जातात, ड्रायव्हरचे हात कुठे आहेत ते आपण बघतो, पाठीमागून आवाज आला की मान वळते. शरीर पूर्ण चढलेलं असतं. हे चांगलं आहे, यानंच जीव वाचतो. पण आठ-दहा तास चढलेलं शरीर घरी आल्यावर बटण दाबल्यासारखं बंद होत नाही. एक तर ते तसंच चढलेलं राहतं आणि मुलानं ग्लास सांडला तरी अंगावर आल्यासारखं वाटतं, नाही तर धाडकन खाली जातं, माणूस सोफ्यावर पडतो, मोबाइल हातात घेतो आणि बायकोनं तीन वेळा विचारलेलं ऐकूच येत नाही. घरच्यांना वाटतं, बाहेर सगळ्यांशी बोलतो आणि आमच्याशीच बोलत नाही. प्रेम आटलेलं नसतं, अंगातला जोर संपलेला असतो. हे तुमच्या पत्नीला जसंच्या तसं सांगा. बहुतेक घरांत नुसत्या एवढ्या कळण्यानंही निम्मा राग उतरतो.

पोलीस लाइनीत आमच्या शेजारी एक हवालदार राहायचे. त्यांची एक रीत होती. ड्युटीवरून आले की सरळ घरात शिरायचे नाहीत. बाहेरच्या नळावर बूट काढायचे, पाय घासून धुवायचे, तोंडावर पाणी मारायचे. मग टोपी, पट्टा आणि शिट्टीची दोरी पडवीतल्या एका खिळ्याला अडकवायची, आणि पत्र्याच्या डब्यात लावलेल्या मिरचीच्या दोन रोपांना पाणी घालायचं. पाच-सात मिनिटं. त्या वेळात त्यांच्याशी कुणी बोलायचं नाही, हा घरातला नियम होता, पोरंसुद्धा पाळायची. त्यानंतर ते आत जायचे ते बाप म्हणून. मी त्यांना एकदा विचारलं, हे कशासाठी? म्हणाले, "ठाण्यातलं ठाण्यात, खिळ्याला." त्यांना मानसशास्त्राचं पुस्तक ठाऊक नव्हतं, पण आज मी लोकांना जे शिकवतो त्यातलं सगळ्यात उपयोगी तेच आहे. तुमचं घर फ्लॅटमध्ये असेल, नळ नसेल. मग गाडी लावल्यावर खालीच दहा मिनिटं चाला. जिना चढताना एकेका मजल्याला थांबून लांब श्वास सोडा. श्वास घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ द्या, त्यानं नाडी खरोखर खाली येते. रोज तेच करा, त्याच क्रमानं. शरीर क्रमाला शिकतं.

झोपेवर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण माझ्याकडे येणाऱ्या दहातल्या आठ जणांच्या रागाच्या, पिण्याच्या, घरातल्या भांडणाच्या मुळाशी झोप सापडते. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी १९९७ साली एक तुलना केली. माणूस सलग १७ तास जागा राहिला की त्याच्या हाताची आणि लक्षाची अवस्था रक्तात ०.०५ टक्के दारू असलेल्या माणसासारखी होते, आणि २४ तास जागला तर ०.१० टक्क्यासारखी. आता आपला कायदा आठवा. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ खाली मर्यादा आहे १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम, म्हणजे ०.०३ टक्के. रात्रभर लोकांच्या तोंडासमोर ब्रेथ अॅनालायझर धरून जो शिपाई सकाळी बंदोबस्ताला थांबतो आणि दुपारी मोटारसायकलवरून घरी निघतो, तो स्वतः ज्या अवस्थेत गाडी चालवतो त्या अवस्थेतल्या माणसावर त्यानं रात्री केस केलेली असते. मी हे हजेरीत सांगायचो तेव्हा पोरं गप्प व्हायची. नाइटवरून परतताना गाडीवर डुलकी लागून गेलेले सहकारी मला माहीत आहेत. त्यांची नावं शहीद फलकावर लागत नाहीत.

म्हणून नाइट असेल तेव्हा ड्युटीला जाण्याआधी दुपारी दीड-दोन तास झोपा, आठवड्याची भाजी त्या वेळात आणू नका. चहा पहाटे तीननंतर बंद. चहातलं कॅफिन पाच-सहा तासांनीही निम्मं अंगात असतं आणि मग सकाळी पडल्यावर नुसती कूस बदलत राहता. ड्युटी सुटल्यावर फार जड वाटलं तर ठाण्यातच वीस मिनिटं डोळे मिटून पडा, मग गाडीला किक मारा. घरी एक खोली अंधारी करा. जाड चादर खिळ्यांना अडकवली तरी चालते. फोन दुसऱ्या खोलीत, आणि ठाण्याचा फोन आला तर पत्नीनं घ्यायचा आणि खरंच तातडीचं असेल तरच उठवायचं. झोपेच्या गोळ्या मेडिकलवाल्याकडून आणून घेऊ नका.

आणि दारू. तुम्ही तिच्याबद्दल काही लिहिलं नाही, पण मी विचारल्याशिवाय राहणार नाही. दोन पेग मारले की लवकर झोप लागते, हे खरं आहे. पण ती झोप मध्यरात्रीनंतर तुटते, आणि ज्या झोपेत मन दिवसभरातलं आवरतं तीच झोप दारू खाऊन टाकते. अपघाताचं दृश्य विसरायला पिणाऱ्याच्या डोक्यात ते दृश्य जास्त दिवस ताजं राहतं. खात्यातली माझ्या बॅचची जी माणसं पन्नाशीच्या आत गेली, त्यांतल्या बऱ्याच जणांची सुरुवात "झोपेपुरती" अशीच झाली होती.

बोलावं का, कुणाशी? इथे एक गैरसमज दूर करतो. काही ठिकाणी चांगल्या हेतूनं मोठ्या घटनेनंतर लगेच सगळ्यांना एका खोलीत बसवतात आणि काय बघितलंत ते बोला म्हणून आग्रह करतात. अशा एकदाच्या सक्तीच्या बैठकीनं पुढचा आजार टळत नाही, हे अभ्यासांतून दिसलं आहे. काही जणांना तर त्यानं त्रासच होतो. त्या रात्री माणसाला हवं असतं गरम जेवण, घरी सोडायला गाडी, दुसऱ्या दिवशी हलकी ड्युटी आणि कुणीतरी जवळ बसणं. बोलायचं असेल तर त्याचं त्यानं बोलावं. पण काही आठवड्यांनी, महिन्यांनी एक तरी माणूस असा असावा ज्याला खरं सांगता येतं. शक्यतो खात्यातला, कारण मयताचा वास म्हणजे काय हे त्याला समजावून सांगावं लागत नाही. पत्नीला सगळे तपशील सांगू नका, ते ओझं तिचं नाही. पण "आज वाईट बघितलंय, मला थोडा वेळ दे" हे एक वाक्य सांगा.

आता मी थोडा वेळ तुमच्याकडून तुमच्या वरिष्ठांकडे वळतो, कारण तुमचं उत्तर पुरं व्हायला ते लागतं. श्वास, झोप, चालणं हे सगळं शिपायाच्या डोक्यावर टाकून मोकळं होणं मला पटत नाही. कॉमन कॉज आणि लोकनीती-सीएसडीएस या संस्थांचा २०१९ चा देशभरातला अहवाल सांगतो की पोलीस सरासरी दिवसाला १४ तास काम करतात आणि निम्म्या जणांना आठवड्याची सुट्टीच मिळत नाही. अशा माणसाला योगासनांचं शिबिर ठेवलं, तर ते शिबिरसुद्धा त्याच्या सुट्टीच्या दिवशी असतं. मी स्वतः अशी शिबिरं भरवली आहेत आणि मागच्या रांगेत बसल्या बसल्या झोपलेली पोरं बघितली आहेत. नंतर मी शिबिर निम्म्या वेळेचं केलं आणि उरलेल्या वेळात त्यांना घरी पाठवू लागलो. साहेबांना ते आवडलं नाही, पोरांना आवडलं.

बदल होत नाही असं नाही. मुंबईत देवनार पोलीस ठाण्यात मे २०१६ मध्ये आठ तासांची ड्युटी सुरू झाली. दत्तात्रय पडसलगीकर तेव्हा पोलीस आयुक्त होते, आणि मूळ सूचना त्याच ठाण्यातल्या एका शिपायाची होती. कागदावर मनुष्यबळाचं गणित मांडून त्यानं ती वरपर्यंत नेली. पुढे ती मुंबईतल्या बाकीच्या ठाण्यांत गेली. पोलिसांच्या वर्षाच्या किरकोळ रजा २०२२ मध्ये १२ वरून २० झाल्या. गणपती, निवडणूक, वारी आली की हे सगळं पुन्हा कोलमडतं, आणि ग्रामीण ठाण्यात ४० गावांना ३५ माणसं असली की आठ तास कुठून आणायचे, हा प्रश्न खराच आहे. पण ठाण्याच्या पातळीवर प्रभारी अधिकाऱ्याच्या हातात एक गोष्ट नेहमी असते. माझ्या अख्ख्या नोकरीत मला सगळ्यात चांगले वाटलेले प्रभारी फार मायाळू नव्हते. ते रोज संध्याकाळी सहाला उद्याची ड्युटी लावायचे आणि आग लागल्याशिवाय ती बदलायचे नाहीत. त्या ठाण्यात कामाचे तास दुसरीकडच्याइतकेच होते, पण त्यांच्या दीड वर्षात रुग्णनिवेदन, म्हणजे आजारी असल्याचं कळवून ड्युटीला न येणं, निम्म्यावर आलं. उद्या आपण कुठे असणार हे ज्याला माहीत असतं, त्याला मुलाच्या शाळेत येतो म्हणून सांगता येतं. कामानं माणूस थकतो. पण घरी दिलेला शब्द दर आठवड्याला मोडावा लागला की तो आतून खचतो.

अपमानाचंही तसंच. मयत बघून पोलीस मोडतो असं बाहेरच्यांना वाटतं. माझ्यासमोर बसून रडलेल्यांपैकी जास्त जण मयतावरून रडले नाहीत. ते रडले हजेरीत सगळ्यांदेखत आईवरून काढलेल्या शिवीवर, आई आयसीयूत असताना नाकारलेल्या रजेवर, दुसऱ्याची चूक झाकायला आपल्या नावावर आलेल्या कसुरी अहवालावर, म्हणजे कामात कसूर केल्याच्या लेखी रिपोर्टवर. मलाही एका अधिकाऱ्यानं भर चौकात, ज्या फेरीवाल्यांना मी रोज हाकायचो त्यांच्यासमोर, टोपी काढायला लावली होती. चूक माझी नव्हती. तो दिवस मला आजही तारखेसकट आठवतो. तुमच्या हाताखाली उद्या चार माणसं येतील. हवालदार, फौजदार काहीही व्हाल. तेव्हा चूक असली तर बाजूला घेऊन बोला. बस, एवढं केलंत तरी चार घरं त्या रात्री शांत जेवतील.

२७ वर्षांचा तुमचा हिशोब मला टोचला, कारण तो कैदी मोजतो तसा आहे. नोकरीचा अर्थ शिल्लक आहे का, हे अधूनमधून स्वतःला विचारा. मला तो सगळ्यात जास्त आषाढीच्या बंदोबस्तात सापडायचा. पंढरपुरात उभं राहून पायांना फोड यायचे, पण गर्दीतून एखादी म्हातारी हात धरून "माउली, नदीकडं कुठनं जायचं?" म्हणायची. वर्षभर "ए पोलीस" ऐकलेल्या माणसाला दिवसभर माउली ऐकू यायचं. काही जणांना ते हरवलेलं पोर घरी पोचवल्यावर सापडतं, काहींना कोर्टात केस टिकली की. तुमच्या त्या अपघातातसुद्धा, तुम्ही त्या मुलावर चादर नीट घातली असेल, बघ्यांचे मोबाइल खाली करायला लावले असतील, आई-बापांशी हळू आवाजात बोलला असाल. ते त्या मुलासाठी कुणीतरी करायलाच हवं होतं आणि ते तुम्ही केलंत.

त्याचबरोबर वर्दीबाहेरचं एक काहीतरी आजपासून सांभाळा. शेती, भजन, कबड्डीची टीम, गावातला तरुण मंडळाचा व्यायामशाळेचा गट, काहीही. तिथे तुम्ही पोलीस नसायला हवं. निवृत्तीनंतरच्या पहिल्या महिन्यात माझा फोन दिवसभर वाजला नाही तेव्हा मी दोनदा सिमकार्ड काढून पुन्हा घातलं होतं, बंद पडलंय का बघायला. ज्या मित्रांना वेगळा छंद, वेगळी माणसं होती ते त्या महिन्यातून सहज गेले. बाकीचे अजूनही सकाळी आठला तयार होऊन बसतात. वयाच्या ५८ ला हे नव्यानं उभारता येत नाही, ३१ ला येतं. शरीराकडेही आताच बघा. पोट ९० सेंटीमीटरच्या वर जाऊ देऊ नका, वर्षातून एकदा साखर आणि बीपी तपासा. ठाण्यासमोरचा वडापाव आणि नाइटचा चहा-खारी हेच जेवण झालं की पस्तिशीतच गोळ्या सुरू होतात.

तुमचा डाग लागण्याचा प्रश्न. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ च्या कलम २३ प्रमाणे तुमची माहिती गोपनीय ठेवणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे. कुणाच्या जिवाला धोका असण्यासारखे मोजके अपवाद सोडले तर तुमच्या संमतीशिवाय ते तुमच्या साहेबांना काही सांगू शकत नाहीत. ओपीडीत दाखवून औषध घेणं, बैठकांना जाणं, यासाठी ठाण्याला कळवायची गरज नसते. रजा लागलीच तर प्रमाणपत्रावर काय आणि किती लिहायचं ते डॉक्टरांशी आधी बोलून घ्या. कुजबुज होणारच नाही असं मी म्हणणार नाही. खात्यात कुजबुज होते. पण माझ्या अनुभवात शीट रिमार्क, म्हणजे सेवेच्या नोंदीतले वाईट शेरे, लागतात ते उपचार न घेतल्यानं: गैरहजेरी, ड्युटीवर पिणं, आरोपीवर किंवा सहकाऱ्यावर हात टाकणं. वेळेवर डॉक्टरकडे गेलेल्यांची सेवापुस्तकं मी कोरी पाहिली आहेत.

एक गोष्ट अगदी सरळ विचारतो, कारण ती न विचारणं मला परवडत नाही. मरून जावं असं मनात येतं का? गार्ड ड्युटीला हातात रायफल असताना तसा विचार चाटून जातो का? येत असेल तर त्याच दिवशी शस्त्र जमा करा. "तब्येत बरी नाही, आज बिनशस्त्र ड्युटी द्या" एवढं सांगितलं तरी पुरतं, का ते सांगायची गरज नाही. घरी सांगा, डॉक्टरांना सांगा, रात्र एकट्यानं काढू नका. तो विचार लाटेसारखा येतो आणि काही तासांत उतरतो. त्या तासांत शस्त्र हाताशी नसलं म्हणून वाचलेली माणसं आज माझ्यासमोर बसून मुलांच्या दहावीच्या निकालाचे पेढे देतात.

आता मुलाचं. तुम्ही हे शेवटी लिहिलंत, पण मला वाटतं पत्र त्याच्यासाठीच लिहिलंय. त्याला अपघाताचं काही सांगू नका. वर्दी काढून, त्याच्या उंचीला येईल असं खाली बसा आणि म्हणा, "मी तुला मारलं ते चुकलं. तुझी काही चूक नव्हती. बाबाला बरं नाहीये, बाबा डॉक्टरकडे जाणार आहे." तो कदाचित काहीच बोलणार नाही, खेळायला पळेल. पळू द्या. सहा वर्षांचं पोर ऐकलेलं लगेच दाखवत नाही. मग रविवारी, ड्युटी नसेल तर, त्याला घेऊन बाहेर पडा. हायवेच्या बाजूला नको, गावाकडच्या रस्त्यानं. सायकल शिकत असेल तर मागून सीट धरा. त्या वेळी तुमच्या छातीत धडधड होईल, तो पडेल असं सारखं वाटेल, कदाचित ते दुसरं मूल डोळ्यांसमोर येईल. आलं तर थांबा, पाय जमिनीवर घट्ट टेका, त्याच्या शर्टाचा रंग बघा, त्याचा आवाज ऐका. आणि हेच, जसं घडलं तसं, डॉक्टरांना पहिल्या बैठकीत सांगा.